नौदलाच्या संशोधन मनोऱ्यावर: जायचं कसं, राहायचं कसं आणि उतरायचं कधी

समुद्रतळात पाइल ठोकून उभे केलेले तीन-चार पोलादी पाय, लाटांच्या वर राहील असा डेक, त्यावर मोजक्या खोल्या, जनरेटर, क्रेन आणि उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यात उपकरणं. नौदलाचा संशोधन मनोरा साधारण असा असतो. जहाजावरूनही मोजमापं घेता येतात, पण जहाज डुलतं, वाहतं आणि स्वतःच आवाज करतं. एकाच जागी, एकाच उंचीवरून महिनोन्‌महिने लाटा, प्रवाह, तापमानाचे थर आणि पाण्यातला ध्वनी टिपायचा तर पाय रोवलेला मनोराच हवा.

अमेरिकी नौदलाने १९५९ मध्ये सॅन डिएगोच्या मिशन बीचसमोर, किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवर, १८ मीटर पाण्यात असा एक मनोरा उभारला. पाण्याच्या पोटातल्या अंतर्गत लाटांचा बराच अभ्यास तिथे झाला. १९६० मध्ये बर्म्युडाच्या नैऋत्येला प्लँटॅजेनेट बँकेवर जवळपास साठ मीटर पाण्यात ‘आर्गस आयलंड’ उभं राहिलं. ते होतं पाणबुड्यांचा दुरून माग काढू पाहणाऱ्या ‘आर्टेमिस’ प्रकल्पासाठी. पहिल्याचं अंतर सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगं. दुसऱ्यावर गेलं की मुक्कामच. इथली माहिती दुसऱ्या प्रकारच्या मनोऱ्याला धरून आहे.

हिशेब परतीपासून मांडा

नवखा माणूस विचारतो, बोट कधी सुटणार? खरं तर त्या महिन्यात सलग किती दिवस बोट येऊच शकत नाही, हे आधी विचारायला हवं. मागच्या काही वर्षांच्या लाटांच्या नोंदी काढा आणि लाट बोट लावण्याच्या मर्यादेपेक्षा मोठी राहिल्याचा सर्वांत लांब खंड शोधा. मुक्काम, अधिक तो खंड, अधिक दोन दिवस, एवढा साठा मनोऱ्यावर हवा. मुक्काम सात दिवसांचा आणि खंड पाच दिवसांचा असेल तर चौदा दिवसांचं पाणी, शिधा, डिझेल आणि औषधं. रोजची गोळी घेणाऱ्याने स्वतःची औषधं याच हिशेबाने घ्यावीत. हृदय आणि रक्तदाबाइतकेच दातही निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत. दाढ ठणकली म्हणून खराब समुद्रात कोणी बोट काढत नाही.

हवामानाच्या अंदाजात दिलेली लाटेची उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. तिला ‘सिग्निफिकंट’ उंची म्हणतात. अंदाज दीड मीटरचा असेल तर काही तासांत तीन मीटरच्या जवळ जाणारी एखादी लाट येणार, हे धरूनच चालायचं. शिडीवर पाय टाकायला साधारण दीड मीटर ही वरची मर्यादा मानतात, तीही चांगली बोट आणि सरावलेले खलाशी असतील तर. उंचीइतकाच दोन लाटांमधला वेळ पाहा. पाच-सहा सेकंदांची आखूड लाट बोटीला आदळवते, पण ती डोळ्यांना दिसते. दूरच्या वादळाकडून आलेली बारा सेकंदांची संथ लाट पृष्ठभागावर जवळपास कळत नाही आणि मनोऱ्याच्या पायापाशी बोटीला दीड मीटर उचलून खाली सोडते. शांत दिसणाऱ्या समुद्रात माणसं जखमी होतात ती बहुतेक याच लाटेने.

वेळ निवडताना प्रवाह मंदावण्याची घडी आणि त्यातही पाणी चढलेलं असताना निवडा. पूर्ण ओहोटीला शिडीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांच्यावर शेवाळ असतं, शिंपले आणि बार्नेकलची धारदार कवचं असतात. हातमोजे फाटतात आणि पाय सरकतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: प्रवाशांची यादी रक्तगटासह आधी जाते, वैद्यकीय दाखला आणि समुद्रात तग धरण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. नौदलाची जागा असल्याने फोन, कॅमेरा, लॅपटॉप यांची नोंद होते आणि बरेचदा ते किनाऱ्यावरच ठेवावे लागतात. रेडिओ लहरी सोडणारं कुठलंही यंत्र विचारल्याशिवाय आणू नका. गुप्ततेचा प्रश्न तर आहेच, शिवाय एका बिनतारी माउसनेही संवेदनशील रिसीव्हरच्या नोंदीत कचरा येऊ शकतो.

बोटीतून शिडीवर

जॅकेट बोटीत बसण्याआधी तपासा. १५० न्यूटनच्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये सहसा ३३ ग्रॅम वायूचं नळकांडं असतं. ते हाताने घट्ट फिरवून बघा, कारण प्रवासातल्या हादऱ्यांनी ते सैल होतं आणि सैल नळकांड्यातून जॅकेट फुगत नाही. नळकांड्यावर एकूण वजन कोरलेलं असतं, साध्या काट्यावर ते पडताळता येतं. मांड्यांमधला पट्टा आवळा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर आणि तोंड पाण्याखाली. पाणी १५ अंशांहून थंड असेल तर अंगात पाणी न शिरू देणारा पूर्ण सूट हवाच. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट नुसतं श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहण्याची. शुद्ध त्यानंतरही बराच वेळ टिकते, पण बोटांनी दोर धरवत नाही.

बोट कुठल्या बाजूने लावायची, याची कसोटी सोपी आहे. मनोऱ्यापासून सुरक्षित अंतरावर इंजिन न्यूट्रलला टाकून मिनिटभर बोट कुठे वाहते ते पाहायचं. शिडीपाशी इंजिन बंद पडलं तर बोट मनोऱ्यापासून दूर जायला हवी, पायांच्या आणि त्यांना जोडणाऱ्या तिरक्या आडव्यांच्या जाळ्यात शिरायला नको. वारा एकीकडे आणि प्रवाह दुसरीकडे असेल तर वाद न घालता त्या मिनिटभराच्या वाहण्यावर विश्वास ठेवा. दुसऱ्या बाजूची शिडी चांगली आहे, रंगवलेली आहे, एवढ्यावरून तिकडे जाण्याचा मोह होतो. तो टाळा.

शिडीच्या दोन्ही बाजूंना उभे नळ असतात. बोटीचं नाक त्यांना टेकवून, इंजिनाचा जोर पुढे ठेवून, नाकावरच्या रबराच्या घर्षणावर बोट जागेवर धरतात. हे घर्षण आधी सूचना देऊन सुटत नाही. लाट मोठी आली की रबर एकदम सरकतं आणि बोट अर्धा-एक मीटर उडी घेते. म्हणून बोट टेकवल्यावर लगेच कोणी उठायचं नाही. निदान पाच-सहा मोठ्या लाटा जाऊ द्यायच्या. त्यात एकदाही रबर सरकलं तर त्या दिवशी त्या बाजूने चढायचं नाही. चढउतार चालू असताना बोट मनोऱ्याला दोराने बांधायची नाही. बोट खाली जाताना दोर ताणतो, तुटतो आणि तुटलेलं टोक माणसाच्या अंगावर येतं.

चढण्याचा क्रम असा:

१. हात मोकळे. पाठीवर पिशवी नाही, खांद्यावर वायर नाही, खिशातून लोंबणारं काही नाही. सामान नंतर क्रेनने किंवा हातदोराने येतं.

२. एका वेळी एकच माणूस नाकाशी. बाकीचे बसलेले. खलाशी तुमच्या जॅकेटचा मागचा पट्टा धरतो आणि ‘जा’ तोच सांगतो.

३. शिडीवर पडण्यापासून अडवणारा गुंडाळीचा पट्टा असेल तर त्याचा हूक अगदी शेवटच्या क्षणी लावायचा. आधी लावलात आणि बोट जोरात खाली गेली तर गुंडाळी अडकते, माणूस बोटीवरून उचलला जातो आणि पुढची लाट बोट त्याच्या पायांवर आणते.

४. लाटेच्या माथ्यावर बोट क्षणभर थांबते. त्याच क्षणी पाय शिडीवर. बोट वर चढत असताना पाऊल टाकलं तर पाय बोट आणि शिडीमध्ये चिरडतो. खाली जाताना टाकलं तर पायरी हाताबाहेर जाते.

५. पाय टेकताच न थांबता तीन-चार पायऱ्या वर. पुढची लाट बोटीला आधीपेक्षा उंच आणू शकते. तिथवर पोचल्यावरच दम घ्या.

उतरताना जास्त माणसं जखमी होतात, कारण पाठ बोटीकडे असते. बोट जास्तीत जास्त जिथवर येते त्याच्या वरच्या पायरीवर थांबा. खाली पाहत बसू नका, हाक खलाशाची. बोट माथ्यावर आली की दोन्ही पाय बोटीच्या डेकवर आणि लगेच दोन्ही हात शिडीवरून सुटलेले. एक हात शिडीला आणि एक पाय बोटीत, ही स्थिती अर्धा सेकंदही नको.

शिडी स्वतःही संशयास्पद समजा. लाटांचे शिंतोडे उडतात तो भरतीच्या रेषेवरचा पट्टा पोलादाला सर्वांत जास्त खातो. तो कायम ओला असतो, हवा भरपूर मिळते आणि पाण्याखालच्या पायांऐवजी स्वतः झिजून त्यांना वाचवणारे जस्त-अॅल्युमिनियमचे अॅनोड तिथे काम करत नाहीत. पायऱ्या खालच्या अंगाने आधी सडतात आणि वरून रंग शाबूत दिसतो. डेकवरचा माणूस दर भेटीआधी खाली उतरून प्रत्येक पायरीवर खालून हातोडी मारतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर त्या पायरीला लाल फीत.

टोपली आणि हेलिकॉप्टर

क्रेनने टोपली सोडून माणसं उचलायची असतील तर जाळीच्या टोपलीत माणूस आत नाही, बाहेरच्या कड्यावर उभा राहतो. हात जाळीतून आत गुंफायचे, सामान मध्यभागी, स्वतःला कशालाही बांधायचं नाही. टोपली पाण्यात पडली तर बाहेर उभा असलेला माणूस सुटू शकतो. क्रेनचालकाने टोपली बोट वर चढत असताना, माथ्याच्या किंचित आधी, वेगाने उचलायची. हळू उचलली तर उतरलेली बोट पुढच्या लाटेबरोबर वर येऊन टोपलीला खालून धडकते. वर घेताना टोपली बोटीच्या डोक्यावरून नाही, पाण्यावरून न्यायची. टोपलीला खाली लोंबणारा आवरदोर असतो. तो खलाशाने हातात धरावा, मनगटाला गुंडाळू नये.

हेलिकॉप्टर कमी दमवणारं, पण त्याचेही नियम आहेत. आपोआप फुगणारं जॅकेट आत चालत नाही. यंत्र पाण्यात पडून आत पाणी शिरलं की ते फुगून माणसाला छताशी अडकवतं. हाताने ओढायची दोरीही बाहेर पडल्यावरच ओढायची. चालकाच्या नजरेसमोरून, इशारा मिळाल्यावर, वाकून जायचं. शेपटाकडे कधीच नाही. लिथियम बॅटऱ्या आधी सांगाव्या लागतात. डेकवर राहणाऱ्यांचं काम म्हणजे उतरण्याआधी पक्ष्यांची विष्ठा धुऊन खुणा दिसत्या करणं आणि ताडपत्री, टोपी, रिकामा डबा असं उडणारं सगळं आत नेणं.

पहिला तास

फलकावरचा आपल्या नावाचा बिल्ला ‘मनोऱ्यावर’ या रकान्यात टांगा. किनाऱ्यावरच्या नियंत्रणाला रेडिओवर माणसांची संख्या कळवा. मग सामान उघडण्याआधी फेरी मारा: जमण्याची जागा, खाली उतरायच्या दोन्ही वाटा, जीवरक्षक तराफा, आग विझवण्याची नळकांडी, डिझेल बंद करण्याची बाहेरची मूठ. हीच फेरी अंधार पडल्यावर, टॉर्च न लावता, पुन्हा एकदा. आग लागली तर दिवे आधी जातात. इथे आगीपासून पळून जायला दुसरी जमीन नाही, म्हणून स्वयंपाकघरातलं तेल पेटणं हाही छोटा अपघात नाही.

तराफ्याचा दोर मनोऱ्याच्या पक्क्या भागाला बांधलेला आहे ना, ते स्वतः हात लावून बघा. टाकून फुगवायच्या तराफ्यांची चाचणी सहसा १८ मीटर उंचीवरून होते. डेक त्याहून उंच असेल तर तराफा खालच्या पातळीवर किंवा क्रेनसारख्या हाताने उतरवायचा असायला हवा. दोराची लांबी ठेवण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंतचं अंतर अधिक दहा मीटर, निदान पंधरा मीटर, हा जहाजांचा नियम इथेही उपयोगी पडतो. तीनपेक्षा कमी माणसांनी मुक्काम करू नये. एक जखमी झाला तर एक त्याच्यापाशी आणि एक रेडिओपाशी लागतो.

पाणी, वीज, शिधा

पिण्याला माणशी रोज तीन-चार लिटर, स्वयंपाक आणि धुणं-अंघोळ काटकसरीने धरून एकूण तीस. पाच माणसं, चौदा दिवस: २,१०० लिटर. टाकी भरल्यावर क्लोरीन घाला. दर हजार लिटरला ५ टक्क्यांचं ब्लीच ४० मिलीलिटर, म्हणजे लिटरला दोन मिलिग्रॅम. अर्ध्या तासाने चाचणीपट्टीवर निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं दिसायला हवं. काहीच उरलं नसेल तर टाकीत गाळ किंवा शेवाळ आहे, आणखी ब्लीच ओतण्यापेक्षा टाकी धुवा. छतावरचं पावसाचं पाणी साठवता येतं, पण पक्ष्यांमुळे पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यावं लागतं.

खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र असेल तर त्याचे मीठ अडवणारे पडदे साधारण ५५ ते ६० बार दाबावर चालतात. पुरवठ्याची बोट खाली उभी असताना ते चालवू नका. डिझेलची पुसट साय आत गेली की पडदे वाया. बंद करताना गोड्या पाण्याने धुऊन ठेवा, नाहीतर आठवड्यात आत जीवाणूंचा थर धरतो.

जनरेटर दोन असतात आणि आलटूनपालटून चालतात. सरासरी आठ किलोवॅट वीज वापरली तर दर युनिटला ०.३ लिटरच्या हिशेबाने दिवसाला साठ लिटरच्या आसपास डिझेल जातं. गरजेपेक्षा मोठा जनरेटर आणणं ही नेहमीची चूक. क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी भारावर तासन्‌तास चालला की इंधन पूर्ण जळत नाही आणि धुराड्यात काळं तेलकट पाणी साचतं. तेव्हा पाणी गोडं करण्याचं यंत्र आणि गीझर एकाच वेळी चालवून भार वाढवा आणि मग जनरेटर बंदच ठेवा. टाकीच्या तळाशी जमणारं पाणी रोज सकाळी झडप उघडून काचेच्या भांड्यात काढा. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर तपकिरी साय दिसली तर जीवाणू लागलेत, फिल्टर तुंबणार. फिल्टर नेहमी मोजून लागतात त्याच्या दुप्पट ठेवा.

शिध्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिले दिवस ताजं, नंतर कोरडं आणि डबाबंद. राखीव साठा वेगळ्या कपाटात, तारखेसह. कचरा मात्र कडक: सागरी प्रदूषणाच्या मार्पोल करारानुसार स्थिर मनोऱ्यावरून समुद्रात काहीही टाकता येत नाही. अपवाद अन्नाच्या उरल्यासुरल्याचा, तोही २५ मिलीमीटरहून बारीक दळून आणि मनोरा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांहून दूर असेल तरच. बाकी सगळं दाबून, बांधून, परतीच्या बोटीने.

शांततेचे तास

इथे आल्यावर अनेकांच्या उशिरा लक्षात येतं की मनोरा स्वतःच मोजमापाचं उपकरण आहे आणि त्यावरचं माणसांचं राहणं हा त्या उपकरणातला गोंगाट. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो आणि पोलादी पाय डेकवरचा प्रत्येक हादरा थेट पाण्यात नेतात. जनरेटरचा ५० किंवा ६० हर्ट्झचा गुणगुणाट आणि त्याच्या पटीतले सूर हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या, नोंदीत उभ्या कुंपणासारखे दिसतात. पाण्याचा पंप, रेफ्रिजरेटर, लोखंडी जिन्यावरचे बूट, सगळं ऐकू येतं.

म्हणून दिवसाचे ठरावीक तास शांततेचे असतात. त्यांची तयारी अर्धा तास आधी सुरू करा. बॅटऱ्या भरलेल्या, वरची टाकी भरलेली म्हणजे पंप लागणार नाही, रेफ्रिजरेटर बंद, जनरेटर बंद. पायात रबरी तळ. क्रेन आणि हातोडी बंद. तास सुरू झाल्यावर कोणी काय केलं याची वेळ वहीत लिहा, दार आपटलं तरी. महिन्यानंतर नोंद वाचणाऱ्याला त्या ठोक्याचं कारण वहीतच सापडतं. जनरेटरखालचे रबरी पाय वर्षाकाठी तपासा. डिझेल सांडून ते फुगतात आणि मग हादरे गिळत नाहीत.

प्रवाहमापी किंवा तापमानाची साखळी पायाला चिकटवून लावली तर पायाभोवतीचा भोवरा मोजला जातो, समुद्र नाही. आडव्या दांडीवर, पायाच्या व्यासाच्या अनेक पट दूर, प्रवाह मुख्यतः ज्या बाजूने येतो त्या बाजूला लावा. केबल लाटांच्या पट्ट्यातून जाताना दर अर्ध्या मीटरला पट्टी हवी. एक मीटर मोकळी राहिली तरी लाट तिला दिवसाला हजारो वेळा वाकवते, आवरण शाबूत राहतं आणि आतली तांब्याची तार तुटते. अशी केबल शोधणं कठीण, कारण ती कधी चालते, कधी नाही. पाण्याखालच्या कनेक्टरला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थरच लावा. जास्त भरलं तर कनेक्टर पूर्ण बसत नाही आणि दाबाखाली त्याच फटीतून पाणी शिरतं.

पट्ट्या आणि बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या. ३०४ वर लवकरच खड्डे पडतात. ३१६ सुद्धा पट्टीच्या खाली, हवा न पोचणाऱ्या फटीत, गुपचूप सडतं. अॅल्युमिनियमचं उपकरण स्टीलच्या दांडीवर बसवताना मध्ये नायलॉनची बाही आणि चकत्या घाला, नाहीतर उपकरणाचं कवच स्वतःच अॅनोड बनून खाल्लं जातं. पाण्याखालचं संरक्षण चालू आहे का, हे चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या प्रोबने पाहतात. वाचन उणे ८०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असायला हवं. उणे ७०० दिसलं तर अॅनोड संपलेत किंवा त्यांची जोडणी तुटली आहे.

मनोऱ्याखाली मासे जमतात, माशांमागे मासेमार आणि डेकवरचे हौशीही. गळाचा दोर हायड्रोफोनच्या केबलला अडकतो आणि पुढे महिनाभर प्रवाहात कंप पावत खोटा आवाज देतो. गळ टाकायला बंदी घालणं कठोर वाटतं, पण मोजमापाच्या बाजूला ती हवीच.

कडेवरची कामं आणि पाणबुडे

कठड्याबाहेर काम असेल तर अंगावर पट्टा आणि दोन दोर. एक हूक सोडायच्या आधी दुसरा लागलेला. पडून लोंबकळणारा माणूस मिनिटांतच धोक्यात येतो, कारण पायांत रक्त अडकतं. त्याला वर घ्यायची कप्पी आधीच टांगलेली असावी, शोधायला जायची वेळ येऊ नये. खाली बोट उभी नसेल तर हे काम पुढे ढकला.

पाणबुडा पाण्यात असताना तीन गोष्टी कुलूपबंद: क्रेन, पाणी ओढणारे पंप आणि ध्वनी सोडणारे ट्रान्सड्यूसर. मोठ्या शक्तीच्या सोनारचा, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून वेध घेणाऱ्या यंत्राचा, एक ठोका जवळच्या माणसाच्या कानाला आणि फुप्फुसाला इजा करू शकतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही. स्विचला कुलूप लावून किल्ली पाणबुड्यांच्या प्रमुखाच्या खिशात राहते आणि सगळे पाणबुडे वर आल्याचं तो स्वतः मोजेपर्यंत ती परत मिळत नाही.

दिवा आणि रेडिओ

समुद्रातल्या मनोऱ्याचा दिवा पांढरा असतो आणि मोर्समधलं ‘यू’ अक्षर, म्हणजे दोन टिंबं आणि एक रेघ, पंधरा सेकंदांच्या आत पुन्हापुन्हा दाखवतो. धुक्यात भोंगाही तेच अक्षर वाजवतो. सूर्य मावळल्यावर दिवा स्वतः पाहून वहीत नोंद करा. प्रकाश ओळखणाऱ्या स्विचच्या काचेवर पक्ष्यांची घाण बसते आणि दिवा दिवसाही पेटत राहून बॅटरी संपवतो. मनोऱ्याभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र ठेवण्याची तरतूद सागरी कायद्याच्या संयुक्त राष्ट्र करारात आहे, पण आत आलेल्या बोटीला आधी व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर, म्हणजे सगळ्या बोटी ऐकतात त्या सामायिक चॅनेलवर, बोलावतात आणि कामाच्या चॅनेलवर नेऊन समजावतात. व्हीएचएफचा पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. दोन्ही उंचींचे मीटरमधले वर्गमूळ मिळवून ४.१२ ने गुणा. मनोऱ्याची अँटेना ३६ मीटरवर आणि बोटीची ४ मीटरवर असेल तर सुमारे ३३ किलोमीटर. किनारा त्याहून दूर असेल तर उपग्रह फोन किंवा दूरच्या पल्ल्याचा एचएफ रेडिओ लागतोच.

वादळाआधी रिकामा करणं

मनोरा सोडायचा निर्णय लाटा वाढल्यावर घ्यायचा नसतो. बोट लावण्याची दीड मीटरची मर्यादा ओलांडली जाईल त्या तासापासून उलटं मोजा. त्यात बोटीच्या येण्याचा वेळ, आवराआवर आणि एक रद्द झालेली फेरी धरा. निर्णय साधारण ४८ ते ७२ तास आधी येतो. मनोरा वेळेत रिकामा न करण्याचा परिणाम १९६१ च्या जानेवारीत दिसला. न्यू जर्सीपासून दूर समुद्रातल्या अमेरिकी हवाई दलाच्या ‘टेक्सास टॉवर ४’ या रडार मनोऱ्याचे आधार आधीच्या सप्टेंबरात चक्रीवादळाने दुबळे केले होते. १५ जानेवारीला हिवाळी वादळात तो कोसळला आणि त्यावरची २८ माणसं गेली. सॅन डिएगोचा मनोराही १९८८ च्या जानेवारीतल्या वादळात पडला.

लाट पायांमधून जाते तोवर पोलाद ती सोसतं. तिचा माथा डेकच्या खालच्या अंगाला लागला की भार एकदम अनेक पटींनी वाढतो. त्यामुळे आवरताना पाण्याजवळच्या पातळीपासून सुरुवात करा. खालच्या पातळीवरच्या फळ्या आणि ताडपत्र्या काढा, फक्त जाळी राहू द्या म्हणजे पाणी वर निसटेल. दांडीवरची उपकरणं वर घ्या, शिडीचा सुटा भाग वर ओढून बांधा, क्रेनचा हात टेकणीवर ठेवून आवळा. डिझेल आणि सांडपाण्याच्या झडपा बंद करा, गॅसची नळकांडी मोकळ्या हवेत साखळीने बांधा. जनरेटर बंद, दिव्याची बॅटरी चालू. नोंदवह्या आणि डिस्क पाणी न शिरणाऱ्या पिशवीत माणसांबरोबर जातात, मागून येणाऱ्या सामानात नाही. शेवटी बिल्ले मोजा. फलकावर एकही उरलेला नसावा.

वादळानंतरची पहिली भेट दिवसाउजेडीच. बोटीने आधी शंभर मीटरवरून मनोऱ्याला फेरी मारायची आणि पाय कललेत का, तिरका आडवा गळालाय का, डेकच्या पोटाचे पत्रे दुमडलेत का, शिडीच्या पायऱ्या किती राहिल्यात, हे दुर्बिणीने पाहायचं. यातलं काहीही आढळलं तर वर कोणी जात नाही, रचना तपासणारे अभियंते येतात. सगळं ठीक दिसलं तर दोघेच चढतात. ते खोल्यांची दारं उघडून वारा खेळू देतात, गॅस आणि डिझेलचा वास घेतात आणि टाकीतल्या पाण्याची चव घेतात. पाणी खारट लागलं तर टाकी रिकामी करायची. मग विजेचं पॅनेल उघडून आत मिठाचा थर बसला आहे का ते पाहायचं. असेल तर जोडण्या गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यायच्या, इन्सुलेशन मीटरने तपासायच्या आणि त्यानंतरच जनरेटर सुरू करायचा.